चटक आणि तहान

आमच्या भागात वाघाने माणूस मारल्याची बातमी आली की तिच्यासोबत एक शब्द ठरल्यासारखा येतो. घटना पहाटेची असो की तिन्हीसांजेची, मेलेला गुराखी असो की मोहफुले वेचणारी बाई, दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात वाघ ‘रक्तपिपासू’ झालेला असतो. आणि पंधरवड्यात तशीच दुसरी घटना घडली तर त्याला ‘मानवी रक्ताची चटक’ लागलेली असते. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, देसाईगंज या पट्ट्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी हे दोन शब्द इतक्या वेळा वाचले आहेत की आता ते डोळ्यांना खुपत नाहीत. मी मराठी शिकवण्यात तीस वर्षे घालवली, त्यामुळे मला ते अजून खुपतात. या दोन शब्दांना आपण एकच समजतो, ही चूक आहे. त्यांतला एक शब्द शहाणा आहे आणि आपण तो वेड्यासारखा वापरतो; दुसरा मुळातच खोटा आहे आणि तो बातमीतून, पंचनाम्यातून आणि पुढाऱ्यांच्या भाषणांतून काढून टाकला पाहिजे.

शहाणा शब्द आधी घेतो. चटक लागणे, चटावणे हे मुळात घरातले आणि गोठ्यातले शब्द आहेत. चाटणे, चटणी, चाटण, चटक ही सारी कानाला तरी एकाच कुळातली वाटतात. पोर गुळाला चटावते, मांजर दुधाला चटावते, आणि एकदा का धुऱ्यावरून हरभऱ्यात तोंड घातले की ढोर सोकावते. सोकावणे हा चटावण्याचा सख्खा भाऊ. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, असे आपण म्हणतो तेव्हा काळाच्या अंगी कुठली तरी भीषण इच्छा आहे, असे आपल्याला म्हणायचे नसते. एकदा वाट मोकळी मिळाली की तो परत येईल, एवढेच म्हणायचे असते. खेड्यात ‘ढोर सोकावलं’ असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न ढोराच्या स्वभावाबद्दल नसतो. कुंपण कुठून फुटले, राखणीला कोण होते, असे तो विचारतो. मग फुटलेल्या जागी काटे लावले जातात आणि ढोराच्या गळ्यात लोढणे बांधले जाते. ते लोढणे म्हणजे सूड नव्हे. गुडघ्यांवर आपटणारा तो लाकडाचा ओंडका ढोराला एवढेच शिकवतो की आता धावून आत शिरणे सोपे राहिलेले नाही. थोडक्यात, चटावणे या शब्दात कारण आधीपासून बसलेले आहे. कोणी तरी चव दाखवली, कुठे तरी वाट मोकळी राहिली, म्हणून सवय लागली. जे शिकले गेले त्याचा बंदोबस्तही करता येतो, ही शेतकऱ्याची समज त्या शब्दात मुरलेली आहे.

रक्तपिपासा हा शब्द वेगळ्या खाणीतला आहे. संस्कृतात धातूला सन् प्रत्यय लावून इच्छा दाखवणारे शब्द घडवण्याची एक सुरेख सोय आहे. ज्ञा पासून जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा, भुज् पासून बुभुक्षा म्हणजे खाण्याची, मुच् पासून मुमुक्षा म्हणजे सुटण्याची, पा पासून पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा. याच साच्यात हन् धातूपासून जिघांसा हा शब्द होतो: ठार मारण्याची इच्छा. हिंसक इच्छेसाठी इतका नेमका शब्द हाताशी असताना मराठीने तो उचललाच नाही. जिज्ञासा शाळेच्या निबंधात गेली, मुमुक्षा कीर्तनात गेली, जिघांसा कोशात राहिली. आणि तिची जागा रक्तपिपासेने घेतली. या अदलाबदलीत एक गोष्ट नकळत घडली. जिघांसा म्हटले की ती कोणाबद्दल, का, असे विचारता येते. मारण्याची इच्छा होण्याला काही प्रसंग लागतो. तहानेला कोणी का असे विचारत नाही. तहान ही शरीराचीच गोष्ट, ती पुन्हा पुन्हा लागणार, आणि पाणी दिसले की प्राणी तिकडे जाणारच. वाघाला रक्तपिपासू म्हटले की त्याच्या कृत्याला प्रसंग उरत नाही, फक्त प्रकृती उरते. शिवाय हे साधे निरीक्षणही नव्हे. वाघ रक्त पीत नाही. मोठ्या जनावराचा तो गळा धरतो, ते निपचित पडेपर्यंत सोडत नाही, आणि खायला बहुधा मागच्या फऱ्याकडून सुरुवात करतो. गळ्यावरच्या सुळ्यांच्या खुणा पाहून ‘रक्त पिऊन गेला’ असे म्हणणारी म्हातारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांचे मी समजू शकतो. ज्याच्या टेबलावर शवविच्छेदनाचा अहवाल असतो त्या वार्ताहराचे समजू शकत नाही.

वाघ आणि वासना यांची गाठ मराठीत जुनी आहे, हे मान्य केले पाहिजे. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात काम आणि क्रोध यांना ‘विषयदरांचे वाघ’ म्हटले आहे, म्हणजे विषयांच्या दऱ्यांत दबा धरून बसलेले वाघ. पण त्या रूपकाची दिशा पाहावी. तिथे माणसाच्या मनातल्या विकाराला वाघाची उपमा दिली आहे, कारण श्रोत्यांना वाघ ठाऊक होता आणि विकार ओळखायचा होता. सातशे वर्षांनी आपण ती उपमा उलटी फिरवली. आता विकार सर्वांना ठाऊक आहे असे धरून आपण तो वाघावर लादतो, आणि वाघाला ओळखण्याचे कष्ट वाचवतो.

कायदा या बाबतीत वर्तमानपत्रापेक्षा बराच संयमी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 11 मध्ये ‘नरभक्षक’ हा शब्द नाही आणि रक्ताचाही उल्लेख नाही. तिथे ‘मानवी जीवितास धोकादायक’ असा शब्दप्रयोग आहे. त्या प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री झाली पाहिजे, आणि त्यांनी कारणे नमूद करून लेखी आदेश काढला पाहिजे. व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीतही, माणूस अचानक समोर आल्याने झालेला हल्ला वेगळा आणि माणसाला भक्ष्य म्हणून हेरणे वेगळे, असा भेद केला आहे. हा भेद कागदी नाही. तेंदूची पाने तोडणारी किंवा मोह वेचणारी बाई पहाटेच्या अर्धवट उजेडात वाकलेली किंवा उकिडवी बसलेली असते. त्या स्थितीत ती माणसासारखी दिसत नाही, आणि झुडपापलीकडे बछड्यांची वाघीण असली तर दोघींनाही एकमेकींचा पत्ता शेवटच्या चार-पाच हातांवर लागतो. मे 2025 मध्ये सिंदेवाही परिसरात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. ज्या घरातून माणूस गेले त्या घराला या भेदाचे काय करायचे, असे कोणी विचारेल. पुढच्या आठवड्यात त्याच रानात ज्यांना जायचे आहे, त्यांना त्याचे फार काही करायचे आहे. अचानक गाठ पडून झालेला हल्ला असेल तर ती जागा काही दिवस सोडणे, उजाडल्यावर आणि बोलत-ओरडत घोळक्याने जाणे यांना अर्थ आहे. माणसाला हेरणे सुरू झाले असेल तर घोळका पुरत नाही, वाघच हलवावा लागतो. ‘रक्तपिपासू’ हा शब्द दोन्ही ठिकाणी सारखाच बसतो, म्हणून तो कुठेच उपयोगी पडत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव-पांढरकवडा भागातली टी-1 वाघीण आठवावी. 13 जणांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि 2 नोव्हेंबर 2018 रोजी रात्री बोराटीजवळ तिला गोळी घालण्यात आली. त्यावर एवढे लिहिले गेले की मी त्यात भर घालणार नाही. ती मारायला हवी होती की नव्हती, या वादात एका बाजूने तिला डाकीण केले आणि दुसऱ्या बाजूने ‘अवनी’ असे नाव देऊन आई केले. राळेगावच्या शेतात रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला दोन्हींचा उपयोग नव्हता. मला त्या मोहिमेतल्या दोन बारीक गोष्टी लक्षात राहिल्या आहेत. पहिली अशी की वाघिणीला कॅमेऱ्यासमोर आणण्यासाठी कॅल्विन क्लाइन कंपनीचे ‘ऑब्सेशन’ नावाचे अत्तर रानात शिंपडले गेले. त्यातला जवादी कस्तुरीसारखा वास मोठ्या मांजरांना खेचतो, असा अनुभव होता. ऑब्सेशन म्हणजे झपाटलेपण, एखाद्या गोष्टीने पछाडलेले असणे. झपाटलेले कोण होते, हा प्रश्न बाटलीवरच लिहिलेला होता. दुसरी गोष्ट याहून गंभीर. याच मोहिमेसाठी आणलेल्या एका हत्तीने साखळी तोडली आणि एका स्त्रीचा जीव घेतला. त्या हत्तीला कोणी रक्तपिपासू म्हटल्याचे मला आठवत नाही. हत्ती ‘बिथरला’ होता. बिथरणे हा शब्द लगेच कारणाकडे नेतो: कशाने बिथरला, कोणी मोकळा सोडला, साखळी कच्ची होती का. मेलेल्या बाईच्या दृष्टीने दोन्ही मृत्यू सारखेच. पण एका जनावराला आपण प्रसंग दिला आणि दुसऱ्याला तहान दिली. यामागे शब्दकोश नाही. हत्ती सरकारी होता.

इथपर्यंत मी वाघाची वकिली करतो आहे असे वाटले असेल. तसे नाही, वडसा भागातल्या सीटी-1 वाघाला 13 ऑक्टोबर 2022 रोजी बेशुद्ध करून पकडले तेव्हा त्याच्याही नावावर 13 मृत्यू होते, आणि तो पकडला गेल्याची बातमी ऐकून मी जेवणाचे दोन घास जास्त खाल्ले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. एखादा वाघ माणूस हे सोपे भक्ष्य आहे हे शिकतो, हे खरेच आहे. त्या शिकण्याला गावाने चटावणे म्हटले तर ते बरोबरच म्हटले. माझा आक्षेप आहे तो त्या शब्दातले कुंपण काढून टाकून केवळ जीभ शिल्लक ठेवण्याला. महाराष्ट्रात 2018 च्या गणनेत 312 वाघ होते, 2022 च्या गणनेत 444 झाले. त्यांतले कितीतरी ताडोब्याच्या हद्दीबाहेर, धानाच्या बांध्या, झुडपी जंगल, तलाव आणि गावे यांच्या सरमिसळीत राहतात. हे आमचे फुटलेले कुंपण. चटक लागली म्हणताना याचा हिशोब कोणीतरी मांडायला हवा, आणि तो मांडायचा नसेल तेव्हाच तहानेचा शब्द कामाला येतो.

इच्छेचे शब्द कोणावर टाकायचे याची आपली एक रीत पडून गेली आहे, आणि ती वाघापाशी थांबत नाही. हल्ल्यानंतरच्या चर्चेत दुसरे वाक्य हमखास ऐकू येते: चार पैशांच्या हव्यासापायी बाया जंगलात जातात. आमच्या बोलीत ‘हाव’ म्हणजे होकार. ‘येतेस काय पत्त्याले?’ म्हणून शेजारणीने विचारले तर उत्तर ‘हाव’ असे येते. शहरी मराठीतली हाव या उत्तरात शोधणाऱ्यांना तेंदूचा हंगाम ठाऊक नाही. तो उन्हाळ्यातला जेमतेम पंधरा-वीस दिवसांचा असतो. पहाटे निघायचे, पाने तोडायची, दुपारी घरी बसून 70 पानांचे एकेक पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने जमा करण्याच्या जागी, नेऊन तिथल्या मुनशीला मोजून द्यायचे. शंभर पुडक्यांचा दर ठरलेला असतो, आणि त्या पैशात खरिपाचे बियाणे, पोरांच्या वह्या आणि एखादे जुने देणे भागते. गौण वनोपज गोळा करणे हा 2006 च्या वनहक्क कायद्याने मान्य केलेला हक्क आहे. गडचिरोलीत तर कित्येक ग्रामसभा स्वतः तेंदूचा लिलाव करतात. तरीही मृत्यूनंतर विचारले जाते ते हेच की ती तिथे का गेली. वाघ तहानेने आला आणि बाई हावेने गेली, अशी गोष्ट जुळली की मधल्या सगळ्यांची सुटका होते.

देसाईगंज म्हणजेच वडसा. या गावाचे नाव वाघाच्या आधी दुसऱ्या एका कारणाने देशभर गेले होते, आणि तिथेही मुद्दा एका सवयवाचक शब्दाचा होता. 26 मार्च 1972 च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एका कोवळ्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. 1974 मध्ये सत्र न्यायालयाने, मुलीला शरीरसंबंधांची ‘सवय’ होती असे म्हणत आरोपींना सोडले. नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये त्यांना दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये पुन्हा निर्दोष ठरवले. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, हे एक कारण. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचारात, संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, अशी तरतूद आली. मला या सगळ्यातला ‘सवय’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. त्या रात्री ठाण्याच्या बंद दाराआड काय झाले, याचा पुरावा पाहण्याऐवजी मुलीच्या इच्छेचा एक कायमचा गुणधर्म ठरवला गेला आणि त्यातून रात्रीचा निकाल लावला गेला. एका जनावराच्या आणि एका मुलीच्या गोष्टी मी शेजारी ठेवतो आहे, याचे भान मला आहे. त्या सारख्या नाहीत. शब्दाने पुराव्याची जागा घेण्याची युक्ती मात्र तीच आहे, आणि ती तेव्हाही त्यांच्यावरच चालली ज्यांना कागदावर उत्तर देता येत नव्हते.

आजही त्याच पानावर, वाघाच्या बातमीच्या खाली, ‘वासनेची शिकार’ असा मथळा असतो. शिकार हा शब्द वाघाचा, वासना माणसाची. वाघाच्या बातमीत माणसाचा विकार आणि माणसाच्या बातमीत वाघाचे काम, असा हा सौदा आहे. ‘अल्पवयीन मुलगी वासनेची बळी’ या वाक्यात करणारा माणूस कुठेच नाही. वासना नावाची कोणी बाहेरची शक्ती आली आणि घेऊन गेली, असे त्याचे व्याकरण आहे. पुढच्या ओळीत तो ‘वासनांध’ असतो, म्हणजे बिचाऱ्याला दिसत नव्हते. शेजारच्या घराला कुलूप नाही, आई रोवणीला गेली आहे आणि पोरगी एकटी आहे, हे ज्याने आठवडाभर टिपून ठेवले, त्याला आंधळा म्हणणे ही भाषेने त्याला दिलेली सवलत आहे. वाघाबद्दल जो शब्द जास्त बोलतो, तोच माणसाबद्दल कमी बोलतो.

यावर सरकारी उपाय आहे तो ‘मानव-वन्यजीव संघर्ष’ या शब्दाचा, आणि मला तो रक्तपिपासेइतकाच कामचुकार वाटतो. संघर्ष म्हटले की दोन पक्ष समोरासमोर उभे ठाकले, दोघांनीही काही ठरवून केले, असे चित्र होते. मोह वेचणारी बाई कोणाशी संघर्ष करत नव्हती. आमची जुनी माणसे रानात वाघाचे नाव घेत नाहीत, नुसते ‘तो’ म्हणतात, आणि पारध्याच्या वाटेवर वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावतात; घटना घडली की ‘त्यानं धरलं’ एवढेच सांगतात. धरले. कुठे, केव्हा, ती काय करत होती, त्याने खाल्ले की सोडून गेला, हे ऐकणारा विचारतो आणि सांगणारा सांगतो. तालुक्याच्या वार्ताहराने एवढे चार प्रश्न जरी बातमीत उतरवले, तरी विशेषणाची गरज पडणार नाही. आणि वनखात्याच्या नोंदीत लाळेच्या नमुन्यांचा व पट्ट्यांवरून पटलेल्या ओळखीचा निष्कर्ष येईपर्यंत त्या वाघाला ‘हल्ला केलेला वाघ’ म्हटले तर कोणाचे काही अडत नाही.

वासना हा शब्द आमच्याकडे अजून पूर्ण बिघडलेला नाही, म्हणून एवढे लिहावेसे वाटले. आजारी माणसाची अन्नावरची वासना जाते, आणि मेलेल्याची वासना कशात तरी राहते. तेंदूच्याच हंगामात वाघाने धरलेल्या आमच्या गावातल्या एका बाईच्या दहाव्याला मी वैनगंगेच्या काठी होतो. पिंड मांडून अर्धा-पाऊण तास झाला तरी कावळा शिवत नव्हता. झाडावर होते, खाली येत नव्हते. ‘कायची वासना रायली असन तिची?’ असे एक वडीलधारे हळूच म्हणाले, आणि मग रीतीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन हात जोडू लागला. नवऱ्याने पोरीचे शिक्षण बंद करणार नाही म्हणून सांगितले. भावाने शेळ्या विकणार नाही म्हणून सांगितले. नुकसानभरपाईचे बोलणे कोणी काढले नाही. शेवटी मोठी जाऊ पुढे आली आणि म्हणाली, ‘बाई, तुये पुडके फळीवर मी नेऊन देल्ले. अर्धं होतं ते मुनशी घेत नव्हता, त्यात माई पानं टाकून पुरं केलं.’ त्यानंतर थोड्या वेळाने एक कावळा खाली उतरला.